डेंग यापिंगबद्दल आमच्या क्लबात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या टेबल टेनिस क्लबात पाण्याच्या पिंपाच्या वर एका बुटक्या चिनी खेळाडूचा फोटो आहे. दात आवळलेले, डोळे बॉलवर. संध्याकाळच्या बॅचला मुलांना सोडायला आलेले पालक तासभर बाकावर बसून असतात आणि कधी ना कधी त्या फोटोकडे बोट करून विचारतातच. तीच उत्तरं किती वेळा द्यायची, म्हणून एकदाची लिहून काढली. क्रम लावलेला नाही, ज्या ओघात प्रश्न येतात त्याच ओघात आहेत.

ही कोण?

डेंग यापिंग. ६ फेब्रुवारी १९७३ला चीनच्या हनान प्रांतातल्या झंगजोऊ शहरात जन्मली. १९९२ आणि १९९६ अशा लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये एकेरी आणि दुहेरी, दोन्ही सुवर्णपदकं तिचीच. म्हणजे चार सामनेप्रकार खेळली आणि चारही जिंकली. १९९० ते १९९७ या काळात जागतिक क्रमवारीत पहिला नंबर तिचाच असायचा.

नाव नक्की कसं म्हणायचं? आणि चीनचे नेते डेंग शियाओपिंग यांची ही कोणी लागते का?

नातं नाही, आडनाव तेवढं एक. चिनी लोकांत आडनाव आधी येतं, त्यामुळे ‘डेंग’ हे आडनाव आणि ‘यापिंग’ हे नाव. चिनी उच्चार ‘डंग याफिंग’च्या जवळ जातो, पण आपल्या वर्तमानपत्रांनी ‘डेंग यापिंग’ रूढ केलंय, ते चालू द्या. मुलं तिला ‘यापिंगताई’ म्हणतात. वयाचा हिशोब लावला तर मावशी म्हणायला हवं.

उंची खरंच एवढी कमी होती?

साधारण १५० सेंटीमीटर, म्हणजे चार फूट अकरा इंच. टेबलाची उंची ७६ सेंटीमीटर असते आणि त्यावर सव्वापंधरा सेंटीमीटरची जाळी. थोडक्यात टेबल तिच्या निम्म्या उंचीला यायचं. क्लबातल्या सातवीतल्या मुलीला टेबलाशी उभी करून बघा, अंदाज येईल.

लोकांना वाटतं बुटक्या खेळाडूला जाळी आडवी येत असेल. खरी अडचण तिथे नसतेच, ती हाताच्या पल्ल्यात असते. लांब हाताची मुलगी जो कोपऱ्यातला बॉल नुसती वाकून घेते, त्याच्यासाठी आखूड हाताच्या मुलीला दोन पावलं टाकावी लागतात. आणि टेबल टेनिसमध्ये दोन पावलांना लागणारा वेळ फार मोठा असतो.

मग तिला संघात घेतलं कोणी?

आधी कोणी घेतलंच नाही! वडील टेबल टेनिसचे माजी खेळाडू आणि प्रशिक्षक, त्यांनी पाचव्या वर्षी हातात बॅट दिली. चीनमध्ये शहराचा संघ, मग प्रांताचा, मग राष्ट्रीय संघ अशी उतरंड असते. हनानच्या प्रांतिक संघाने तिला परत पाठवलं. कारण स्पष्टच होतं, उंची. वडिलांनी तिला झंगजोऊच्या शहर संघात घातलं, तिथे ती घडली आणि तेराव्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत विजेती ठरली.

तरीही राष्ट्रीय संघाचं दार लगेच उघडलं नाही. ही मुलगी देशात जिंकेल, पण युरोपातल्या उंच खेळाडूंसमोर काय करणार, अशी शंका होती. तिच्या बाजूने उभे राहिले ते महिला संघाचे प्रशिक्षक जांग शिएलिन. १९८८मध्ये, पंधराव्या वर्षी, ती राष्ट्रीय संघात आली.

इथे मला एक धागा दिसतो. जांग शिएलिन स्वतः साठच्या दशकात बॅटला लाँग पिंपल्स नावाचं रबर लावून खेळायचे, डेंगच्या बॅकहँडलाही तेच होतं, आणि त्या विचित्र रबराने त्यांनी भल्याभल्या जपानी खेळाडूंना चक्रावून सोडलं होतं. ज्याने स्वतः चारचौघांसारखा नसलेला खेळ खेळून नाव काढलं, त्यालाच या पोरीच्या बॅकहँडमध्ये काय दडलंय ते दिसलं असणार. बाकीचे फूटपट्टी घेऊन बसले होते.

हे लाँग पिंपल्स काय प्रकरण आहे?

बॅटच्या साध्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. तो बॉलला पकडतो, त्यामुळे आपण बॉलला हवी तशी फिरकी देऊ शकतो. लाँग पिंपल्समध्ये दाणे बाहेरच्या बाजूला असतात, लांब आणि लवचीक, ब्रशच्या केसांसारखे. बॉल लागला की ते आडवे होतात आणि बॉलला पकडतच नाहीत. परिणाम असा की समोरच्याने दिलेली फिरकी बरीचशी तशीच राहते आणि उलटून त्याच्याच अंगावर येते. तुम्ही जोरदार टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) मारलात, तर परत येणाऱ्या बॉलमध्ये बॅकस्पिन (उलटी फिरकी). तुम्ही नेहमीसारखा हात फिरवता आणि बॉल जाळीत. नवशिक्याला वाटतं बॉलच खराब आहे.

हे रबर वापरायची रीतसर पद्धत म्हणजे बचाव. टेबलापासून चार पावलं मागे जायचं, खाली येणारा बॉल कापत राहायचं आणि समोरच्याने चूक करायची वाट बघायची. पण चार पावलं मागे गेलं की कोपरे रुंद होतात, पळायचं अंतर वाढतं. दीडशे सेंटीमीटरच्या मुलीने हा खेळ केला असता तर पळून पळून दमली असती.

डेंगने उलटं केलं. टेबलाला चिकटून उभी राहिली आणि बचावाच्या रबराने हल्ला चढवला. फोरहँडला साधं रबर, बॅकहँडला लाँग पिंपल्स, आणि बॉल टप्पा खाऊन वर चढत असतानाच मारायचा. टेबलाजवळ उभं राहिलं की कोपरे आवळले जातात आणि आखूड हात पुरतो. समोरचीला मात्र दुहेरी त्रास. बॉल लवकर येतो आणि बुडत येतो. दोन चेंडू फोरहँडचे, फिरकीचे आणि भरलेले, तिसरा बॅकहँडचा, पोकळ आणि घसरता. ताल लागतच नाही. शिवाय मध्येच हातातल्या हातात बॅट फिरवून बाजू बदलायची सोय आहेच.

पण दोन बाजूंचे रंग वेगळे असतात ना? समोरच्याला दिसत नाही का कोणती बाजू आहे ते?

दिसतं. पूर्वी दोन्ही बाजूंना एकाच रंगाचं रबर लावून बॅट फिरवायचे आणि समोरचा आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करायचा, म्हणून काही खेळाडू मारताना मुद्दाम पाय आपटायचे. ऐंशीच्या दशकात एक बाजू लाल आणि एक काळी असा नियम झाला. डेंग मोठ्या स्पर्धांत उतरली ती त्यानंतर, तेव्हा लपवाछपवीचा फायदा तिला मिळालेला नाही. रंग दिसणं वेगळं आणि तो दिसल्यावर मनगट वेळेत बदलणं वेगळं. ती तेवढा वेळच द्यायची नाही.

म्हणजे सगळी रबराची करामत?

मग तेच रबर लावलेल्या बाकीच्या का नाही जिंकल्या? लहानपणी पायांना वाळूच्या पिशव्या बांधून तिचा सराव चालायचा. राष्ट्रीय संघातही ठरलेला सराव संपल्यावर ती हॉलमध्ये थांबून राहायची, हे तिच्याबरोबर खेळलेले सगळेच सांगतात. रबराने उंचीचा हिशोब बरोबरीत आणला, एवढं नक्की. पुढची उधारी पायांनी फेडली.

एकूण किती किताब?

ऑलिम्पिकची ४ सुवर्णं. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ९: एकेरी १९९१, १९९५, १९९७, दुहेरी १९८९, १९९५, १९९७, सांघिक १९९३, १९९५, १९९७. १९९६ला महिलांचा पहिला एकेरी विश्वचषक हाँगकाँगला झाला, तोही तिनेच घेतला. त्यामुळे ऑलिम्पिक, जागतिक अजिंक्यपद आणि विश्वचषक या तिन्ही एकेरी किताबांची, म्हणजे खेळाडू ज्याला ग्रँड स्लॅम म्हणतात त्याची, ती पहिली महिला मानकरी. सगळे विश्वचषक वगैरे धरून चिनी माणसं १८ जागतिक किताब मोजतात.

दुहेरीतली जोडीदार कोण होती?

चाओ होंग. वूहानची, डेंगपेक्षा चारेक वर्षांनी मोठी. १९८९ला डॉर्टमुंडला दोघींनी दुहेरी जिंकली तेव्हा डेंग सोळा वर्षांची होती आणि त्याच स्पर्धेत एकेरीची जगज्जेती होती चाओ होंग! म्हणजे थोरली तीच.

मग काय झालं बघा. १९९२ला बार्सिलोनात एकेरीची फायनल या दोघींत झाली. डेंग ३-१ने जिंकली, पण चौथा गेम २३-२१ असा ताणला गेला. १९९५ला तिआनजिनच्या जागतिक फायनलमध्ये पुन्हा या दोघी, पुन्हा डेंग. मधल्या काळात दुहेरीत एकाच बाजूला उभ्या राहून जिंकत होत्या. दुहेरीत दर बॉलला जागा सोडून जोडीदाराला वाट द्यावी लागते. जिने काल आपलं सुवर्णपदक नेलं, तिलाच आज वाट करून द्यायची. मला विचाराल तर क्लबाच्या भिंतीवर दुसरा फोटो चाओ होंगचा हवा. पण पालकांना तिचं नाव माहीत नसतं.

(१९९७ला मँचेस्टरमध्ये डेंगने दुहेरी जिंकली ती यांग यिंगबरोबर.)

ती कधी हरलीच नाही का?

हरली की. आणि त्या हारी तिच्या पदकांपेक्षा मला जास्त रंजक वाटतात.

१९९१, जपानमधलं चिबा. उत्तर आणि दक्षिण कोरिया पहिल्यांदाच एकत्र संघ करून आले होते, पांढऱ्या झेंड्यावर निळा कोरियन द्वीपकल्प. चीनच्या महिला १९७५पासून सलग आठ वेळा सांघिक विजेत्या होत्या, नववा किताब गृहीतच धरलेला. फायनलच्या पहिल्याच सामन्यात उत्तर कोरियाच्या यू सुन-बोकने डेंगला हरवलं आणि शेवटी कोरियाने ३-२ असा सामना काढला. डेंग अठरा वर्षांची होती. त्याच स्पर्धेत काही दिवसांनी तिने एकेरीची फायनल जिंकली, समोर उत्तर कोरियाचीच ली बुन-हुई होती. तिचा हा पहिला एकेरी जागतिक किताब.

१९९३, गोथेनबर्ग. गतविजेती आणि ऑलिम्पिक विजेती डेंग एकेरीत सुरुवातीलाच बाहेर. हरवलं कोणी? सिंगापूरच्या जिंग जुनहोंगने, जी मूळची शांघायची.

१९९४, हिरोशिमाचे आशियाई खेळ. फायनलमध्ये जपानच्या चिरे कोयामाकडून हरली. ही कोयामा म्हणजे पूर्वाश्रमीची हे झिली, १९८७ची जगज्जेती. ती जागतिक स्पर्धा आपल्या नवी दिल्लीत झाली होती. तिथे उपांत्य फेरीत संघातल्याच सहकारी खेळाडूला सामना सोडून दे, असं हे झिलीला सांगण्यात आलं होतं. तिने ऐकलं नाही, सरळ खेळून जिंकली आणि पुढे किताबही घेतला. पुढच्या वर्षी सोल ऑलिम्पिकच्या संघातून तिचं नाव गायब! मग लग्न करून जपानला गेली, नाव बदललं, आणि तिशीत असताना परत येऊन आपल्या जुन्या देशाच्या सर्वांत मोठ्या खेळाडूला हरवलं. चीनमध्ये या निकालावर फार राग निघाला.

लक्षात आलं का? चीनच्या बाहेर डेंगला अडवणाऱ्यांत बऱ्याच जणी चीनच्याच शाळेत तयार झालेल्या होत्या. देशात जागा कमी आणि खेळाडू उदंड, म्हणून त्या दुसऱ्या झेंड्यांखाली गेल्या. तिचा खेळ त्यांना आतून माहीत होता. लाँग पिंपल्सचं नवल युरोपातल्या मुलींना होतं, यांना नव्हतं.

क्लबात सगळे ज्या २१-५ बद्दल बोलतात ते काय आहे?

अटलांटा, १९९६, एकेरीची फायनल. समोर चिनी तैपेईची, म्हणजे तैवानची, चेन जिंग. हीसुद्धा मूळची चीनचीच, १९८८ला सोलमध्ये महिला एकेरीचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक सुवर्ण चीनकडून हिनेच जिंकलं होतं.

पहिला गेम डेंग २१-१४. दुसरा २१-१७. तिसऱ्यात २०-२० झालं, म्हणजे सुवर्णपदक दोन गुणांवर. तो गेम गेला २०-२२. चौथा पण गेला, १७-२१. आता ज्याने कधी स्पर्धेत बॅट धरली आहे त्याला विचारा, दोन गेमची आघाडी हातातून गेल्यावर पाचव्याला उतरताना पोटात काय होतं. सगळा जोर समोरच्याकडे सरकलेला असतो, आपला हात जड होतो, साधा पुशसुद्धा लांब जातो.

पाचवा गेम: २१-५.

ऑलिम्पिक फायनलचा निर्णायक गेम. मी हा सामना मुलांना दाखवतो तेव्हा स्मॅश बघायला लावत नाही. दोन गुणांच्या मध्ये ती काय करते ते बघायला लावतो. गुण गेला तरी चेहरा तोच, बॉल उचलला, सर्व्हिसला उभी. चौथ्या गेममधलं काहीही तिने पाचव्यात नेलेलं नाही. ऑलिम्पिकचं एकेरी सुवर्ण राखणारी पहिली खेळाडू ती त्या दिवशी झाली.

२१ गुणांचे गेम? ११चे नसतात?

२००१पर्यंत २१चेच होते, आणि सर्व्हिस पाच-पाच. बॉलही ३८ मिलिमीटरचा होता, २००० साली तो ४०चा झाला. ज्यांनी शाळेत टेबल टेनिस खेळून सोडून दिलं ते बाबा लोक अजून २१ मोजतात, पोरं हसतात.

ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांबरोबर तिचे फोटो दिसतात ते का?

तेव्हाचे अध्यक्ष हुआन अंतोनिओ सामारांच तिच्या खेळाचे चाहते होते. बार्सिलोना आणि अटलांटा, दोन्हीकडे तिच्या गळ्यात पदक घालायला ते स्वतः आले. लोझानला समितीच्या मुख्यालयातही तिला पाहुणी म्हणून बोलावलं होतं.

चोविसाव्या वर्षी खेळ का सोडला?

१९९७ला मँचेस्टरमध्ये एकेरी, दुहेरी, सांघिक असे तीन जागतिक किताब घेऊन ती थांबली. जिंकायचं काही शिल्लक नव्हतं आणि पाचव्या वर्षापासून राबवलेलं शरीर दुखापतींनी भरलं होतं. आपल्याकडे हे पटवून देणं अवघड जातं. पहिल्या नंबरवर असताना कोण सोडतं?

आणि मग ती शिकायला गेली, हे खरं का? की व्हॉट्सॲपवरची गोष्ट?

खरं. निवृत्तीच्याच सुमारास ती आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या खेळाडू आयोगावर गेली. तिथला कारभार इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये. हिला दोन्हीचा गंध नाही. बीजिंगच्या चिंगहुआ विद्यापीठात इंग्रजी विषय घेऊन दाखल झाली. तुझी पातळी किती आहे ते बघू, म्हणून शिक्षकांनी इंग्रजी मुळाक्षरं लिहायला सांगितली. तिने स्वतःच पुढे सांगितलंय की ती २६ अक्षरंसुद्धा तिला धड लिहिता आली नाहीत, मोठी आणि छोटी अक्षरं एकमेकांत मिसळली. चार ऑलिम्पिक सुवर्णं घरात आणि वर्गात ही अवस्था.

२००१ला चिंगहुआची पदवी घेतली. मग इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातून एमए. मग केंब्रिजमधून २००८ला पीएचडी, विषय ऑलिम्पिकचा चीनच्या विकासावर होणारा परिणाम. त्याच वर्षी बीजिंगला ऑलिम्पिक भरलं आणि तिथल्या क्रीडाग्रामाच्या कारभारात ती वरच्या पदावर होती. २००१ला बीजिंगला यजमानपद मिळालं, त्या प्रयत्नांतही ती होतीच.

पालक हे ऐकून खूश होतात आणि मुलांकडे बघतात. म्हणून लगेच सांगतो, लहानपणी शाळा मागे टाकून रोज दिवसभर खेळण्याची ती पद्धत होती, त्याची भरपाई तिने चोविसाव्या वर्षानंतर अकरा वर्षं घालून केली. दोन्ही एकदम झालेलं नाही.

त्यानंतर सगळं यशच?

नाही. २०१०मध्ये चीनच्या सरकारी ‘पीपल्स डेली’ वृत्तपत्राने काढलेल्या सर्च इंजिनची ती प्रमुख झाली. ‘जिके’ या नावाने ते चालवलं. चाललं नाही. सरकारी पैसा वाया गेला म्हणून तिच्यावर चिनी लोकांनीच सडकून टीका केली, आणि २०१३मध्ये ती तिथून बाजूला झाली. टेबलावरचं कसब दुकान चालवायला उपयोगी पडेलच असं नाही.

सर्वकाळची सर्वश्रेष्ठ तीच का?

तिची बरोबरी करणाऱ्या आहेत. वांग नान, जांग यीनिंग आणि चेन मेंग यांचीही प्रत्येकी चार ऑलिम्पिक सुवर्णं आहेत, आणि एकेरीचं सुवर्ण राखण्याचं काम जांग यीनिंगने २००८ला आणि चेन मेंगने २०२४ला केलं. शैलीत जांग यीनिंग उजवी, माझ्या मते. पण समोरच्या खेळाडूला ‘आज हिच्याशी आहे’ म्हणून आदल्या रात्रीच झोप येऊ नये, यात डेंग.

आजच्या खेळात ती टिकली असती?

अवघड प्रश्न. बॉल मोठा आणि हळू झालाय, सर्व्हिस लपवता येत नाही, आणि १९९९पासून पिंपल्सच्या लांबीवर बंधन आलं, म्हणजे दाणा जाडीच्या मानाने किती लांब असावा याची मर्यादा ठरली. तिचं मूळ हत्यार बोथट झालं असतं. पाय आणि डोकं तेच राहिले असते. क्लबातल्या थोरल्या मुलांत यावर वाद चालतो, मी त्यात पडत नाही.

आपल्याकडे असं कोणी खेळतं का?

मनिका बत्रा. बॅकहँडला लाँग पिंपल्स, टेबलाजवळ उभं राहणं, मध्येच बॅट फिरवणं. २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सिंगापूरच्या फेंग तिआनवेला याच खेळावर गोंधळवलं होतं. त्या सुवर्णविजेत्या संघात आपल्या ठाण्याची मधुरिका पाटकरही होती. मनिका मात्र उंच आहे, त्यामुळे हिशोब पुन्हा वेगळा.

आणि रबराच्या गंमतीची गोष्ट निघालीच आहे, तर १९५२ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली होती. जपानचा हिरोजी सातो स्पंज लावलेली बॅट घेऊन आला, आवाजच न करणारी, आणि पुरुष एकेरी जिंकून गेला. बॅटला काय चिकटवलंय यावर सामना फिरू शकतो, हे जगाने पाहिलं ते इथे.

माझी मुलगी वर्गात सगळ्यांत बुटकी आहे. तिला लाँग पिंपल्स लावून द्या ना?

हा प्रश्न दर महिन्याला एकदा तरी येतो, आणि उत्तर ‘आत्ता नाही’ असंच असतं. आधी दोन्ही बाजूंना साधं रबर लावून तिला फिरकी कळू दे. बॉल कसा फिरतोय हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हातात लाँग पिंपल्स दिले की समोरच्याबरोबर तोही गोंधळतो. वर्षभर तिचे पाय कसे पडतात ते बघतो. बॉलकडे पुढे जाते की मागे सरकते, यावर ठरेल. पुढे जाणारी असेल तर बोलू. तोवर कृपा करून दुकानदाराचं ऐकून बॅट आणू नका, गेल्या मे महिन्यात आणलेल्या दोन अजून कपाटात पडून आहेत.